कोरी चिठ्ठी

फार पूर्वीची, आणि त्याहून फार लांबची गोष्ट. महाराज गादीवर आल्याचं तेरावं वर्ष होतं, हिवाळी महिन्याचा नववा दिवस. काचेच्या छपराबाहेर बर्फाची बारीक भुकटी उडत होती, वारा उत्तरेचा होता, आणि घंटेच्या आळीत पारा तेवीस अंशांवर होता.

हे इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण त्या गावात एक ऊबनीस होता, आणि तो याच आळीत राहत होता.

गाव होतं एका छोट्या ग्रहावर. तिथला सूर्य तिळाएवढा दिसे आणि त्याची ऊब जमिनीपर्यंत पोचत नसे. म्हणून माणसं काचेच्या छपराखाली आळ्या करून राहत. प्रत्येक आळीच्या मध्यावर एक मोठी शेगडी असे, आणि ग्रहाच्या पोटातला विस्तव नळीने तिच्यापर्यंत येई. ऊबनिसाने रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक आळीचा पारा बघायचा, वहीत टिपायचा आणि आळीच्या तोंडाशी फळ्यावर खडूने लिहायचा. त्याचं अक्षर इतकं सुरेख होतं, की मुलं त्या फळ्यावरून अंक गिरवायला शिकत.

महाराज आकाशनौकेत राहत. वर्षातून एकदा, हिवाळी महिन्याच्या विसाव्या दिवशी, सोन्याचा मुखवटा घालून ते खाली उतरत आणि एका आळीला भेट देत. महाराज फार सभ्य होते. बोलावल्याशिवाय ते कुणाच्याही आळीत पाऊल टाकत नसत. आता आपणच आपल्यासाठी मान मागणं काही बरं दिसत नाही. म्हणून प्रत्येक आळीने एका चिठ्ठीवर दुसऱ्या आळीचं नाव लिहून द्यायचं, असा रिवाज पडला होता. जिचं नाव सर्वांत जास्त चिठ्ठ्यांवर, तिथे स्वारी जाई. स्वारी जाऊन आली की त्या आळीच्या दाराला बाहेरून अडसर पडे. आळी कृपेत गेली, असं लोक म्हणत, आणि पुढे तिचं नाव काढत नसत. एकवीस आळ्यांपैकी बारा कृपेत गेल्या होत्या.

त्या नवव्या दिवशी ऊबनीस जुन्या वह्या नव्या वहीत उतरवून घेत होता. जुनी पानं कडेने झडायला लागली होती. उतरवता उतरवता त्याचा हात थांबला. स्वारीच्या दिवसाची नोंद: सकाळी बावीस, संध्याकाळी उणे चार. त्याने मागच्या वर्षीचं पान काढलं. सकाळी चोवीस, संध्याकाळी उणे चार. त्याच्याही मागचं काढलं. बारा वर्षं, बारा आळ्या, प्रत्येक संध्याकाळ उणे चार. प्रत्येक आकडा त्याने स्वतः लिहिला होता आणि पान उलटलं होतं.

महाराज ऊब पितात. मुखवट्याच्या आत जे कोणी आहे, ते माणूस नाही.

आतल्या खोलीत त्याची लेक होती, बाळंतपणाला आलेली. नववा महिना लागला होता.

"बाबा, एवढे पांढरे का पडलात?" तिने विचारलं.

"काही नाही. तुला सासरी परत जाता येईल का गं?"

"आता? आणायला तुम्हीच आलात ना? आणि शिरगणती झाली की आळ्यांची दारं बंद होतात, हे तुम्हीच मला सांगितलंत."

शिरगणती आदल्याच दिवशी झाली होती. स्वारी होईपर्यंत जो जिथे मोजला गेला त्याने तिथेच राहायचं. फक्त ऊबनीस आणि आळ्यांचे चिठ्ठीकार एवढ्यांनाच ये-जा करण्याची मुभा असे.

ऊबनीस उठला आणि गोधडीवाल्या म्हातारीकडे गेला. ती सर्वांत लहान आळीत राहायची. तिथे सतराच घरं होती, आणि त्या आळीची चिठ्ठी तीच लिहायची. त्याच्या लेकीच्या बाळासाठी ती एक लहानशी गोधडी शिवत बसली होती. त्याने दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात तिला सगळं सांगितलं.

म्हातारीने दोरा दाताने तोडला. "एवढंच होय! मला वाटलं, लेक बाळंत झाली."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ज्याला ठाऊक नाही असा एक माणूस दाखवा मला."

"मग कुणी बोलत का नाही?"

"बोलतात की. दरवर्षी चिठ्ठीत बोलतात. अहो ऊबनीस, ही माणसं कशी आहेत? लग्नात पहिल्या पंगतीला पाट मिळाला नाही तर वर्षभर तोंड फिरवून बसतात. मानाचा नारळ आधी कुणाला दिला, यावरून सख्खे भाऊ वेगळे झालेत इथे. आणि हा एवढा मोठा मान मात्र सगळे दुसऱ्याच्या पदरात टाकतात. तुमच्या आळीची चिठ्ठी कोण लिहितं?"

"मीच. माझं अक्षर चांगलं म्हणून."

"बारा वेळा लिहिलीत. एकदा तरी वाटलं का, की आपणच मागून बघावा हा मान?"

आपल्याला आज सकाळी कळलं असं ऊबनिसाला वाटत होतं. पण त्याच्या हाताला ते बारा वर्षं ठाऊक होतं.

मग तो म्हणाला, "आजी, महाराज बोलावल्याशिवाय येत नाहीत ना? समजा, कुणी बोलावलंच नाही तर? नऊच्या नऊ चिठ्ठ्या कोऱ्या दिल्या तर?"

म्हातारीने सुई गोधडीत खोचून ठेवली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. "सगळे देतील?"

"मी सगळ्यांकडे जातो."

"मग माझी कोरी धरा," ती म्हणाली. "पहिली माझी."

पुढचे दहा दिवस ऊबनीस पारा बघायच्या निमित्ताने आळीआळीत फिरला. प्रत्येक आळीच्या चिठ्ठीकाराला भेटला. कुणालाही महाराजांविषयी काही सांगावं लागलं नाही. तो तोंड उघडायचा आणि समोरचा म्हणायचा, "ते राहू द्या, पुढचं बोला." कुंभाराने मान डोलावली. मास्तरीणबाईंनी डोळे पुसले.

शेवटचा मिठाईवाला. तो थट्टेखोर माणूस होता. म्हणाला, "बारा वर्षं मी स्वारीच्या दिवशी पेढे वाटतोय बाबा. घशाखाली एकही उतरला नाही माझ्या. पण एक सांग. आम्ही सगळे कोऱ्या देणार आणि तूच एक नाव टाकलंस तर?"

"मी?" ऊबनीस दुखावून म्हणाला. "हे सांगत दारोदार फिरतोय तो मी!"

"बरं बाबा, गंमत केली," मिठाईवाला म्हणाला, आणि आपल्या आळीच्या शेगडीवर हात ठेवून त्याने शब्द दिला. आठही जणांनी तसाच दिला. ऊबनिसाने आठही वेळा आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

विसाव्या दिवशी सकाळी वारा पडला होता. घंटेच्या आळीत पारा तेवीस होता. ऊबनीस चिठ्ठी पुढ्यात घेऊन बसला. काहीच लिहायचं नव्हतं, तरी सवयीने त्याने दौत उघडली.

आत लेक कण्हत होती. कळा सुरू झाल्या होत्या.

त्याने विचार केला. आठ माणसं आहेत. आठांत एक तरी कच्चा निघणारच. आणि तो नाव घालेल ते कुणाचं? जो महाराजांविरुद्ध दारोदार फिरला, त्याच्याच आळीचं. एक नाव पडलं तरी पुरे आहे. आपल्या आळीत एकसष्ट घरं, आणि आज नाहीतर उद्या एक बाळ. आपणही एक नाव घातलं तर निदान बरोबरी तरी होईल. घालायचंच तर मग सर्वांत कमी माणसं असतील तिथलं घालावं. त्याने वही काढून खात्री करून घेतली. सतरा घरं. बेचाळीस माणसं.

त्याने लिहिलं, वाळू टाकून शाई टिपली आणि घडी घातली.

चिठ्ठ्या ऐकण्यापुरतं आळ्यांतल्या लोकांना शिपायांच्या पहाऱ्यात मैदानात आणलं होतं, आणि तिथे सोन्याचा मुखवटा उंच आसनावर बसला होता. चोपदाराने पहिली चिठ्ठी उलगडली, उलटसुलट करून बघितली आणि ओरडला, "कोरी!"

दुसरी. "कोरी!"

तिसरी, चौथी. गर्दीत कुणीतरी हुंदका दिला. पाचव्या चिठ्ठीला कुंभार हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सहावी कोरी. पुढची तरी नाव असलेली निघू दे, कुणाचंही, आमचंही चालेल, असं ऊबनीस मनात घोकू लागला. सातवी कोरी. आठवी कोरी.

नववीवर नाव होतं. चोपदाराने ते वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे चिठ्ठी उंच धरून चारी बाजूंना फिरवली.

गावातल्या प्रत्येक माणसाने ते अक्षर रोज सकाळी फळ्यावर बघितलं होतं. मिठाईवाल्याने खाली बघितलं. गोधडीवाली म्हातारी शिपायांच्या आधीच चालायला लागली होती. ऊबनिसाजवळून जाताना ती क्षणभर थांबली.

"अक्षर खरंच चांगलं आहे हो," ती म्हणाली, आणि आपल्या आळीत गेली.

संध्याकाळी तिथला पारा उणे चार होता. अडसर पडायच्या आधी शिपायाने एक गाठोडं ऊबनिसाच्या दारात आणून ठेवलं. त्यात लहानशी गोधडी होती. तीन कडा शिवलेल्या होत्या आणि चौथ्या कडेत सुई तशीच होती. रात्र पडायच्या आत लेकीला मुलगी झाली. बाळ धडधाकट होतं.

त्या आळीच्या आतून एकवीस दिवस कुणीतरी दार वाजवत होतं. ऊबनीस रोज फळ्यावर आकडे लिहीत होता. मुलांच्या आया आता त्यांना तिथे गिरवायला पाठवत नव्हत्या.

पुढच्या वर्षी जावई दूरच्या मोहिमेवर होता, म्हणून लेक आणि नात शिरगणतीला घंटेच्या आळीतच मोजल्या गेल्या. त्या दहा दिवसांत ऊबनीस पुन्हा सगळ्या आळ्यांत फिरला. लोकांनी त्याला पाट दिला, पाणी दिलं, आणि त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. शब्द कुणी दिला नाही.

विसाव्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. आठ चिठ्ठ्या उघडल्या. सातांवर घंटेच्या आळीचं नाव होतं. एक कोरी होती, ती ऊबनिसाची.

घंटेच्या आळीत सकाळी पारा तेवीस होता. संध्याकाळी उणे चार.

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: राजा कोण आहे ते प्रजेला ठाऊक असतं, शेजारी शब्द पाळेल की नाही ते तिला ठाऊक नसतं, आणि राजाला तेवढं पुरतं.