साडेतीन लाख ओळी

माळेवाडीत बायकांच्या बचत गटाचं अंडी उबवायचं केंद्र होतं. बत्तीस घरच्या गावठी कोंबड्यांची अंडी तिथल्या मोठ्या कपाटात एकवीस दिवस ठेवायची आणि पिल्लं निघाली की ज्याची त्याला द्यायची, अशी रीत. अंडी कुणाची ते कळावं म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने नाव घातलेलं असायचं. कपाटातली ऊब आणि ओल एक छोटा कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याला हार्ड डिस्क नव्हती. सुरू व्हायला आणि चालायला लागणारं सगळं एका पेन ड्राइव्हवर होतं, आणि तो मागच्या बाजूला कायमचा खोचून ठेवलेला होता.

केंद्राचा कारभार मार्तंडतात्यांकडे. तात्या तलाठी म्हणून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण लिहिण्याचा भारी सोस. नोकरीत एकदा एक नोंद राहून गेली म्हणून साहेबाने त्यांना चारचौघांत झापलं होतं. तेव्हापासून ‘लिहिलं नाही ते झालंच नाही’ असं त्यांनी मनाशी पक्कं केलं ते केलंच. तालुक्याहून अस्लम मुजावर कॉम्प्युटर बसवायला आला, तेव्हा तात्यांनी बजावलं, “कपाटातल्या ऊब-ओल मोजणाऱ्या चारही मापकांची नोंद दर सेकंदाला झाली पाहिजे.” अस्लमने जरा मान खाजवली. पण वडीलधाऱ्या माणसापुढे तोंड कसं उघडायचं, म्हणून तो गप्प बसला. सांगितलं तसं करून दिलं आणि चहा पिऊन गेला.

चार महिन्यांनी पेन ड्राइव्ह मेला. कॉम्प्युटर थांबला, कपाट गार पडलं आणि कपाटभर अंडी वाया गेली. तात्यांनी दुकानदाराला सडकून शिव्या दिल्या आणि आधीच्याहून महागाचा पेन ड्राइव्ह आणला. तोही चार महिन्यांत मेला. त्या वेळची खेपही गेली. बायका मग हातघाईवर आल्या. त्यांनी तात्यांना सांगून टाकलं, “आता आणखी एक खेप बिघडली तर केंद्राला कुलूप लावायचं. अंड्यांवर बसायला आमच्या खुडूक कोंबड्या आहेत त्या बऱ्या.”

तिसऱ्या पेन ड्राइव्हला चार महिने होत आले, तेव्हा कपाटात अठराशे अंडी होती. त्यांची कूस बदलायचं काम द्वारकाकाकूंकडे. आता काकूंबद्दल एक सांगायला हवं. या बाईला प्रश्न पडायचे. हातसुईचं नेढं वरच्या टोकाला आणि मशीनच्या सुईचं खालच्या टोकाला, असं का, हे त्यांनी गावच्या शिंप्याला विचारलं होतं. शिंपी अजून विचार करतोय.

चौदाव्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओळ उमटली: ‘लिहिता येत नाही.’ अस्लमला फोन गेला, तो तासाभरात येऊन खुर्चीत बसला. काकू त्याच्या मागे उभ्या राहिल्या, कारण प्रश्न पडला होता.

“काय रे अस्लम, पेन ड्राइव्हवरचा हा दिवा सारखा का लुकलुकतो?”

“त्याच्यावर काहीतरी लिहायची धडपड चाललीय, काकू.”

“काय लिहायचंय एवढं? अंडी तर गप्प आहेत.”

अस्लमने नोंदींची फाइल उघडली. काकूंनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. ऊब ठीक. ओल ठीक. ऊब ठीक. ओल ठीक. त्या वाचत राहिल्या, पण तेच.

“असं किती आहे?”

“दिवसाला साडेतीन लाख ओळी.”

“अगं बाई. एवढं लिहून त्या इवल्याशाला काही होत नाही?”

“होतं की. कागदावर एकाच जागी लिहायचं, खोडरबराने पुसायचं, परत लिहायचं, असं करत राहिलं तर कागदाला भोक पडतं ना, तसंच याचं. वाचून तो झिजत नाही, लिहून झिजतो.”

शेजारच्या टेबलाशी बसलेल्या तात्यांनी हे सगळं ऐकलं. ते उठून आले.

“म्हणजे माझ्या नोंदी बंद करायच्या म्हणतोस?”

“बंद नाही, तात्या. जागा बदलायची. रोजचं ठीक-ठीक कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत राहील आणि जुनं झालं की पुसलं जाईल. काही बिघडलं तर ती ओळ लगेच वायरीने केंद्राच्या ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर जाईल. पेन ड्राइव्हवर काहीच लिहायचं नाही. वाचण्यापुरता तो अजून धड आहे.”

“आणि लाइट गेली की त्या मेमरीतलं काय होतं?” काकूंनी विचारलं.

“जातं. पण ‘सगळं ठीक होतं’, एवढंच जातं.”

तात्यांना हे पटेना. “उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?”

“तात्या,” काकू म्हणाल्या, “आजवर यातली एक तरी ओळ कुणी वाचली का हो?”

टोमणा नव्हता तो. बाईला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. कपाटाच्या काचेतून त्यांना अंड्यांवरची नावं दिसत होती. मग ते अस्लमला म्हणाले, “बदल.”

पुढचे सात दिवस तात्यांना घास गोड लागला नाही. दर तासाला ते काचेपाशी जाऊन उभे राहत. एकविसाव्या दिवशी कपाट पिल्लांनी भरून गेलं. बायका टोपल्या घेऊन आल्या, आणि त्यांच्या गलक्यात तात्यांनी केंद्राचं रजिस्टर उघडलं. वाया गेलेल्या दोन खेपांपुढे त्यांनी लिहून ठेवलं होतं, ‘कारण: दुकानदाराचा निकृष्ट माल.’ ते त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, त्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘कारण: मार्तंड सपकाळ यांचा हुकूम.’

“त्या दोन खेपा माझ्यामुळे गेल्या,” ते म्हणाले. “दुकानदाराचीही माफी मागणार आहे.”

काकूंनी लगेच विचारलं, “तात्या, हुकूम देताना अस्लमला विचारलं होतं का, यंत्राला हे झेपेल का म्हणून?”

“नाही विचारलं,” तात्या म्हणाले. “आणि त्याने आपणहून सांगावं, असं माझं वागणंही नव्हतं.”

तात्पर्य एवढंच: काम बिघडलं की दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवण्याआधी आपला हुकूम तपासावा, आणि ज्याच्यापुढे लोक बोलायला कचरतात, त्याने आपणच आधी विचारावं.