पत्नीचं माहेरचं नाव

पतसंस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब हिंगमिरे कालच्या सभेत गरजले होते, “अनोळखी माणसाला गुप्त माहिती देणारा महामूर्ख!” आज ते स्वतःचाच पासवर्ड विसरले. निवडणुकीचा ऑनलाइन अर्ज भरायला अर्धा तास उरला होता आणि कार्यकर्ते घाम पुसत होते.

अर्जासाठीचं ऑनलाइन खातं उघडून दिलं होतं बायकोनं; असली किरकोळ कामं भाऊसाहेब करत नसत. मोबाइलच्या पडद्यावर तिनंच निवडलेला सुरक्षेचा प्रश्न आला: ‘पत्नीचं माहेरचं नाव?’

भाऊसाहेबांनी ऐटीत ‘शैलजा’ लिहिलं. चूक! ते तर लग्नात त्यांनीच अंगठीनं तांदळात लिहिलेलं नाव. त्याआधीचं कोणतं? भाऊसाहेब पांढरेफटक पडले.

“अगं, माहेरी तुझं नाव काय होतं? सांग लवकर!”

शैलजाबाई चहाचा ट्रे ठेवत म्हणाल्या, “अहो, अनोळखी माणसाला कसं सांगू? तीस वर्षं संसार करून ज्यांना बायकोचं नाव ठाऊक नाही, त्यांना ओळखीचे तरी कसं म्हणू?”

बाईंनी मोबाइल ओढून घेतला आणि स्वतःच नाव टाइप केलं. भाऊसाहेब घाईघाईनं डोकावले.

खातं उघडलं खरं, पण पडद्यावर त्यांना दिसले ते नुसते ठिपके.