तळघराचं दार

“...मग धूर जातो कुठं?”

सिदूबुवांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. तळघराच्या पायरीवर बसून, घोंगडी कानापर्यंत ओढून.

“धुराड्यातून वर जायला पाहिजे, बुवा,” श्रीपतराव म्हणाले.

“पाहिजे खरं. पर जातो कुठं?”

श्रीपतरावांनी डोळे चोळले. धूर आम्हा तिघांच्या डोळ्यांत होता.

या गोष्टीला पस्तीस वर्षं होत आली. महाबळेश्वराकडच्या डोंगरात बुवांचा लहानसा मठ होता. उतारावरचं घर, खालच्या अंगाला तळघर. त्यात लाकडं आणि बटाटे असायचे. तेव्हा पौषात सकाळी गवतावर दहिवर गोठून पांढरं दिसायचं. आता तेवढी थंडी पडत नाही. माणसंही तेवढी जवळ बसत नाहीत.

त्या वर्षी बुवांची छाती भरली. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, “घर गरम ठेवा, नाहीतर यांना खाली साताऱ्याला हलवू. सोमवारी मी गाडी घेऊन येतो.”

बुवा म्हणाले, “जाईन की. पर एकदा उतरलो तर परत चढायचो न्हाई.”

ते थट्टेत म्हणाले. आम्हाला ती थट्टा वाटली नाही. चाळीस वर्षं ते त्या डोंगरावर होते.

श्रीपतराव बुवांचे शिष्य. पूल बांधणारे इंजिनियर. तीस वर्षं परदेशात, बर्फाच्या मुलखात राहून आले होते. माणूस मायाळू, पण आपल्याला कळतं हे त्यांना फार कळायचं.

“तिकडे भट्टी तळघरात असते,” ते म्हणाले. “खाली लाकूड जळतं आणि वर सगळं घर उबदार. बुवांना मी इथून हलू देणार नाही.”

पुण्याहून टेंपोत लोखंडी भट्टी आली. मी गवंडी. मी तिच्या खाली ओटा बांधला, भिंतीतून धुराडं वर काढलं. बुवांच्या खाटेखाली जमिनीला भोक पाडून त्यावर जाळी बसवली, ऊब वर जायला.

ऊब बाहेर जाऊ नये म्हणून श्रीपतरावांनी घराची फट न् फट बुजवली. खिडक्यांना रबर, दारांना नमद्याच्या जाड लोकरी पट्ट्या. तळघराच्या, बाहेर उतारावर उघडणाऱ्या दाराखाली तर त्यांनी जुनं पोतं स्वतः ठोकून बसवलं. मला हात लावू दिला नाही.

तो रविवार होता. भट्टी सकाळपासून नुसती धुमसत होती.

“मिस्त्री, धुराडं अजून दोन हात वाढव,” श्रीपतराव मला म्हणाले.

“काल वाढवलं की, राव.”

“अजून वाढव.”

बुवा खोकत खोकत हसले. “ढगाला टेकवतोस का काय? तीस वर्सं माणसांना पूल बांधलास, आता धुराला बांध.”

वरून बायजाबाई ओरडल्या. त्या मठात स्वयंपाक करायच्या. “अहो राव, जाळीतनं धूर यायलाय! बुवांना गरम करताय का हुरड्यासारखं भाजताय?”

श्रीपतरावांचा चेहरा उतरला. ते भट्टीच्या तोंडाशी बसले आणि फुंकायला लागले. राख त्यांच्याच तोंडावर उडाली.

बुवा आगीकडे बघत राहिले...

“पोरपणी मी गुऱ्हाळावर काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं घालायचो,” ते म्हणाले. “खड्ड्यात बसायचो. वर काहीलभर रस उकळायचा. थंडीचं सगळं गाव तिथं येऊन बसायचं. कुणी रताळी भाजायचं, कुणी बाळाला शेकायचं. गूळ करणारा आमचा गुळव्या म्हादूतात्या. लई मारकुटा.”

“हं,” श्रीपतराव फुंकता फुंकता म्हणाले.

“एकदा मला थंडी सोसंना. चुलवाणाच्या मागं एक भोक असतं, त्यातनं गार वारा यायचा. मी ते पोत्यानं बुजवलं.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय... जाळ बसला. काहीलभर रस नासला.”

“तात्यानं चांगलंच झोडलं असेल.”

“न्हाई. त्यानं पोतं काढलं आणि माझ्या अंगावर घातलं.”

श्रीपतरावांनी मान वर केली. “बुवा, ते चुलवाण उघड्यावरचं. ही भट्टी बंदिस्त घरातली. हिचं शास्त्र निराळं आहे.”

“असंल,” बुवा म्हणाले. “मी शिकलेला न्हाई.”

ते उठले. भिंत धरत तळघराच्या दाराशी गेले. खाली वाकून ते पोतं ओढायला लागले. खिळे होते, निघेना. मी पुढं झालो, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं.

पोतं निघालं. बुवांनी कडी काढली आणि दार उघडलं.

डोंगराचा गार वारा आत आला.

भट्टी एकदा गुरगुरली... तोंडातून बाहेर येणारा धूर जागच्या जागी थांबला, वळला आणि आत गेला. लाकडांनी एकदम जाळ धरला. धुराडं घुमायला लागलं.

“अगं बाई!” वरून आवाज आला. “धूर गेला! जाळीतनं ऊब येतीया! त्या डॉक्टराला म्हणावं, उद्या मोकळी गाडी घेऊन जा!”

मला हसू आलं. पण श्रीपतराव हसले नाहीत. ते धावत दाराशी गेले.

“बुवा, वारा! तुमची छाती!”

त्यांनी दार लावलं. जाळ खाली बसला, धूर परत बाहेर आला.

बुवांनी दार उघडलं. धूर आत गेला.

श्रीपतरावांनी पुन्हा लावलं.

“मिस्त्री, तू बघ तरी... धुराड्यातच काहीतरी असेल.”

“धुराड्यात काही नाही, राव,” मी म्हणालो.

त्यांचा हात कडीवर होता. ती ते सोडत नव्हते.

बुवांनी हळू विचारलं, “का लावतोस, श्रीपती?”

श्रीपतरावांनी कपाळ दाराला टेकवलं.

“माझे वडील पौषातच गेले, बुवा.”

“तू कधी बोलला न्हाईस.”

“वाईला एकटेच असायचे. मी तिकडे होतो. बाहेर बर्फ पडायचा आणि आम्ही घरात नुसत्या सदऱ्यावर बसायचो. एवढी ऊब...” ते थांबले. “शेजारच्या काकूंनी कळवलं. म्हणाल्या, सकाळी बघितलं तर दार सताड उघडं आणि अण्णा समोर खुर्चीत, वाटेकडे तोंड करून. सगळा वारा अंगावर.”

“हं.”

“रोजचं होतं म्हणे. काकू संध्याकाळी दार लावून जायच्या, हे उठून परत उघडायचे. म्हातारपणाचा वेडेपणा. कुणीतरी ते दार नीट लावायला पाहिजे होतं, बुवा. मी लावायला पाहिजे होतं...”

एवढा मोठा माणूस, तोंडाला राख लागलेला, कडी धरून उभा.

बुवा त्यांच्याजवळ गेले. कडीवरचा हात त्यांनी अलगद सोडवला, आपल्या दोन्ही तळव्यांत धरला, गारठलेल्या पोराचा धरतात तसा.

मग कोपरानं दार लोटून उघडलं.

“राहू दे उघडं,” बुवा म्हणाले. “कुणी यायचं असंल अजून...”