दुसऱ्याच्या नावाचा डबा

एकदा एका बाईंवर आपलं सगळं घर दोन बॅगांत बसवायची वेळ आली.

बाईंचं नाव मंदाकिनी. यजमान जाऊन काही वर्षं लोटली होती. एकुलता मुलगा केदार दूर समुद्रापलीकडच्या एका बेटावर नोकरीसाठी गेला आणि तिथलाच झाला. 'आई, तू एकटी कशाला राहतेस? कायमची इकडे ये', या त्याच्या आग्रहापुढे बाईंनी अखेर मान तुकवली. घराला गिऱ्हाईक मिळालं, तिकीट हाती आलं. 'आता फक्त सामान भरायचं राहिलंय', असं केदार फोनवर म्हणाला. त्यातला 'फक्त' हा शब्द त्याचा. ज्याने कधी संसार आवरलेला नाही, त्यालाच तो परवडतो.

बाईंनी सामान भरायला घेतलं आणि रोज काढून ठेवलं. पोळपाट भरला, तर कळलं की तिकडे लाकूड नेताना फार चौकशी होते. खलबत्ता भरला, तर बॅग जागची हलेना. यजमानांचा कोट घ्यावा, तर तो घालणार कोण, आणि ठेवावा, तर तो बघणार कोण? केदारला विचारावं, तर त्याचं एकच पालुपद, 'आई, इथे सगळं मिळतं.' बाईंना ते ऐकून धीर येण्याऐवजी खचल्यासारखं होई. जिथे सगळं मिळतं, तिथे आपण काय न्यायचं?

खरं सांगायचं तर त्यांच्या मनात एक भीती घर करून बसली होती आणि ती त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. सून गुणी होती, प्रेमळ होती, पण घर सुनेचं होतं. आपण तिथे पाहुण्या म्हणून उतरणार आणि शेवटपर्यंत पाहुण्याच राहणार, असं त्यांना वाटे. मग एके दुपारी त्यांनी मनाशी ठरवलं की आपली भांडी न्यायची. आपल्या नावाची. सुनेच्या ओट्यावर आपल्या नावाचं एक पातेलं असलं, की निदान तेवढी जागा तरी आपली.

भांडं घेतलं की दुकानातच त्याच्या काठावर नाव घालून घ्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. नाव असतं म्हणून तर भांडी बिनघोर घराबाहेर जातात. शेजारी खीर पाठवायची, आजाऱ्याला पेज पाठवायची, मुंजीला परात द्यायची. नाव वाचून ती आज ना उद्या परत येतात. आणि येताना रिकामी येत नाहीत. घरात काही केलेलं नसलं, तर चिमूटभर साखर तरी टाकायची, पण रिकामं भांडं कोणाच्या हाती द्यायचं नाही. मंदाकिनीबाईंच्या गल्लीत ही रीत इतकी अंगवळणी पडली होती, की कोणाचं भांडं कोणाकडे आहे, याची कोणी चौकशीच करत नसे. बाईंचीही निम्मी भांडी गल्लीभर फिरत होती.

ती गोळा करायला बाई स्वतः निघाल्या. रझियाभाभींकडे मोठं पातेलं होतं. भाभींनी नुकतंच त्यात दूध तापवलेलं. त्यांनी दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं, पातेलं घासलं, ओढणीने कोरडं पुसलं आणि पुढे केलं. "घ्या ताई, तुमचंच आहे," एवढंच म्हणाल्या. सुमनकाकूंकडून परात आली, आणखी दोन घरांतून वाटी-पातेली आली. सगळ्यांनी लगेच दिलं, कोणी कुरकुर केली नाही. तरी घरी येताना बाईंना कसंतरीच होत होतं. ओझं झालं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्या संध्याकाळी गुरुजी आले. गुरुजींनी मंदाकिनीबाईंना शाळेत शिकवलं होतं. आता वय ऐंशीच्या पुढे, पत्नी गोदावरीबाई निवर्तलेल्या, पण गल्लीतल्या चार जणांना ते अजूनही आठवड्यातून दोनदा संस्कृत शिकवत. बाई त्या वर्गाला न चुकता जात. साठी ओलांडली तरी गुरुजींच्या तोंडी त्या 'मंदा'च होत्या, आणि चुकलं की 'मंदे'.

"झाली का तयारी?" गुरुजींनी विचारलं.

बाईंनी कौतुकाने बॅग उघडून दाखवली. सगळी भांडी एकात एक बसवलेली, काठावरची नावं लख्ख दिसत होती. शेजारी डब्यात केदारसाठी केलेले बेसनाचे लाडू होते. गुरुजींनी चष्मा वर सरकवून एकेक नाव वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी पातेलं बाहेर काढलं, मग परात, मग बाकीची भांडी. आणि बाई काही म्हणायच्या आत लाडवांचा डबा उघडून प्रत्येक भांड्यात लाडू टाकायला सुरुवात केली.

"अहो गुरुजी, ते केदारचे आहेत."

"त्याला तिकडे सगळं मिळतं, तोच सांगतो ना? उचल ही परात. पातेलं मी घेतो. चल माझ्याबरोबर."

बाईंना रडू यायला लागलं. आधीच काय न्यावं ते सुचत नव्हतं, जरा कुठे मनासारखं जमत आलं होतं, तर तेही गुरुजी विस्कटत होते. पण गुरुजींना 'का' असं विचारायची सवय शाळेपासून नव्हती. त्या मुकाट्याने मागे निघाल्या. ऐंशी ओलांडलेले गुरुजी पातेलं पोटाशी धरून पुढे आणि त्या परात घेऊन मागे. लोक बघत होते.

पहिलं दार रझियाभाभींचं. गुरुजींनी पातेलं बाईंच्या हाती दिलं आणि स्वतः पायरीवर बाजूला उभे राहिले. भाभींनी दार उघडलं, पातेल्यात पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं.

"ताई, हे तर तुम्ही नेणार होतात."

"राहू दे तुमच्याकडेच," बाई म्हणाल्या. दुसरं काय बोलावं, ते त्यांनाही सुचलं नाही.

भाभींनी पातेलं घेतलं. मग डोळे पुसत हसल्या. "बरं झालं ताई. मघाशी तुम्ही आलात ना, तेव्हा वाटलं, आता काही राहिलंच नाही. मग हे परत कधी देऊ?"

"आले की द्या," बाई म्हणाल्या. दुपारपासून जे कसंतरी होत होतं ते ओझ्याने नव्हे, हे त्यांना तिथे उमगलं.

सगळी घरं फिरून दोघं परत आले. बॅग निम्मी रिकामी झाली होती. गुरुजी म्हणाले, "थांब, आलोच," आणि आपल्या घरी जाऊन एक जुना स्टीलचा कडीचा डबा घेऊन आले. झाकणाला पोचा आलेला. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, 'सौ. गोदावरी'. त्यांनी तो बॅगेत बरोबर मधोमध ठेवला आणि खुर्चीवर टेकले.

आता मात्र बाईंना राहवलं नाही. "गुरुजी, माझी भांडी मला नेऊ दिली नाहीत, आणि गोदावरीकाकूंचा डबा मला देता? मला काही समजत नाही."

गुरुजी म्हणाले, "मंदा, दुपारी तुझी भांडी घरी आली, तेव्हा त्यांत काय होतं?"

"काही नव्हतं."

"याआधी कधी अशी रिकामी आली होती?"

बाईंनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत नव्हती.

"माणूस गेल्यावर त्याच्या घरचे असं आवरतात," गुरुजी सावकाश म्हणाले. "ज्याचं त्याला देतात, आपलं ते मागून आणतात. तू तर जिवंत आहेस, फक्त लांब चालली आहेस. मग व्यवहार कशाला मिटवतेस? आपल्या नावाचं भांडं आपल्या फळीवर असणं म्हणजे घर नव्हे. दुकानातही भांडी फळीवरच असतात. आपल्या नावाच्या भांड्यात दुसऱ्याच्या घरचं दूध तापतं आणि आपल्याला त्याची काळजी वाटत नाही, तिथे आपलं घर असतं. तसं एक घर तुझं इथे आहे. ते मोडू नकोस. तिकडचं अजून व्हायचंय, त्याच्यासाठी हा डबा दिला. जन्मभर फिरलेला आहे, त्याला फळीवर बसायची सवय नाही. ज्या दिवशी तो तुझ्या घरात नसेल, त्या दिवशी मला सांग."

आणि उठता उठता म्हणाले, "यजमानांचा कोट घे. थंडी असते म्हणे तिकडे. तूच घाल."

बाई परदेशी गेल्या. मुलाने, सुनेने हौसेने त्यांची खोली सजवली होती. कशाला म्हणून उणं नव्हतं. तरी बाई कपाट उघडताना सुनेला विचारत, डाळीला फोडणी द्यायच्या आधी विचारत, आणि सून प्रत्येक वेळी म्हणे, "आई, विचारता काय?" पण न विचारायचं धाडस त्यांना होत नसे. काकूंचा डबा त्यांनी पुसून, फडक्यात गुंडाळून, सगळ्यांत वरच्या फळीवर जपून ठेवला.

रविवारी फोन होई. बेटावर संध्याकाळ, गल्लीत सकाळ. गुरुजी तब्येत विचारत, हवा विचारत, मग म्हणत, "डबा कुठे आहे?"

"वरच्या फळीवर. अगदी नीट आहे, गुरुजी."

"बरं," गुरुजी म्हणत. त्यातली नाराजी बाईंना बरोबर ऐकू येई. शाळेत गृहपाठ राहिला की ते असंच 'बरं' म्हणत.

शेवटी एका रविवारनंतर बाईंनी डबा खाली काढला. नारळाच्या वड्या केल्या, सुनेला न विचारता, आणि यजमानांचा कोट अंगावर चढवून निघाल्या. शेजारच्या घरात मार्गारेट नावाची एक वृद्ध बाई एकटी राहत असे. कुंपणाशी तिचं लिंबाचं झाड होतं.

"आई, इथे असं आधी न कळवता कोणी जात नाही," सून काळजीने म्हणाली.

"मी कळवायलाच चाललेय," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा दारात होता. घासलेला, चकचकीत, आणि रिकामा. बाईंनी तो उचलून आत आणला. रिकाम्या डब्याचं दुःख काय असतं, हे त्यांना आता नव्याने शिकायचं नव्हतं. पातेलं मागून नेताना रझियाभाभींना त्यांनी तेच दिलं होतं. त्या रविवारी त्यांनी गुरुजींना सांगितलं, तर गुरुजी चक्क हसले.

"रीत तुझी आहे, मंदे. तिला कशी ठाऊक असणार? पुन्हा भर. आणि या वेळी शिकव."

बाईंनी करंज्या केल्या. मार्गारेटच्या दारात उभं राहून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि बऱ्याचशा हातवाऱ्यांनी त्यांनी सांगितलं, की आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर घातली तरी चालते. मार्गारेटने सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि डबा घेऊन दार लावलं.

डबा दुसऱ्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यात आला नाही, पुढच्याही आठवड्यात नाही. बाईंचा जीव टांगणीला लागला. काकूंच्या नावाचा डबा, गुरुजींनी विश्वासाने दिलेला. मागायला जावं, तर पाय उचलेना, कारण मागून आणलेली भांडी कशी येतात, ते त्यांना माहीत होतं. शेवटी एकदा कुंपणापाशी मार्गारेट दिसली. बाईंनी काही विचारायच्या आतच तिने झाडाकडे बोट दाखवलं. लिंबं अजून हिरवीच होती. ती पिकली की डबा भरून देईन, तोवर थांबावं लागेल, अशी तिने कौतुकाने ताकीद दिली. आणि डबा बिस्किटं ठेवायला फार सोयीचा पडतो, हेही सांगितलं.

त्या रविवारी गुरुजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "डबा कुठे आहे?"

"घरात नाहीये, गुरुजी. शेजारी आहे. तिने त्यात बिस्किटं भरलीत. म्हणते, लिंबं पिकल्यावर देईन." बाईंना एकदम अपराधी वाटलं. "काकूंचा डबा आहे. मागून आणू का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नको, मागू नकोस," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज जरा बदलला होता. "गोदेला फार आवडलं असतं. आता पोचलीस तू."

मग गुरुजींनीच विषय बदलला. "तुझं मोठं पातेलं आत्ता माझ्या ओट्यावर आहे. रझियाने काल ईदचा शीरखुर्मा पाठवला, मी संपवलाही. आता परत द्यायचंय, तर मला स्वयंपाक कुठे येतो? घरात धुंडाळलं, नुसती साखर आहे."

मंदाकिनीबाईंनी ओट्यापाशी उभं राहून खिडकीतून लिंबाच्या झाडाकडे पाहिलं.

"साखर चालते, गुरुजी," त्या म्हणाल्या.