उजेडात धरलेले दोन कागद

"पण सर, हे न्यूट्रॉन सूर्याचे नाहीत, असं म्हणायला आधार काय?"

उन्मेष गायतोंडेचा आवाज चढला होता. चढणारच. या गड्यानं न्यूट्रॉन मोजणाऱ्या एका यंत्रापायी अकरा वर्षं घातली होती. यान सूर्याजवळ गेलं, सूर्यावर भडका उडाला आणि यंत्रातला न्यूट्रॉनचा आकडा उसळला. ते न्यूट्रॉन सूर्याचेच, असं उद्या दिल्लीत जाहीर व्हायचं होतं. बाकी होती ती टिकेकर सरांची पाठीवरची थाप. निवृत्त होऊन सर साताऱ्यात राहत, म्हणून सकाळीच तो इथं येऊन धडकला होता.

सर त्यानं आणलेला न्यूट्रॉनचा आलेख बघत राहिले...

"प्रोटॉनचा कुठाय?"

उन्मेषनं नजर वळवली. नियम सरांचाच, प्रयोगशाळेत आलेल्याला पहिल्या दिवशी शिकवलेला. दोन्ही आलेख एकावर एक ठेवायचे आणि उजेडात धरायचे. सूर्याचे न्यूट्रॉन सरळ येतात, म्हणून त्यांची रेघ आधी उठते. प्रोटॉन वाकड्या वाटेनं, मागाहून. दोन्ही रेघा एकदम उठल्या, तर प्रोटॉननी यानाच्याच पत्र्यावर आपटून ते न्यूट्रॉन उडवले. म्हणजे घरचेच.

आणायचा राहिला, असं तो पुटपुटला. साफ खोटं. कागद त्याच्या पिशवीत होता आणि तो त्यानं न्यूट्रॉनच्या आलेखावर ठेवून तीनदा खिडकीशी धरून पाहिला होता. स्वतःचीच लाज वाटली त्याला.

सर उठले. आतून पदकाची डबी घेऊन आले. त्यांच्या उपग्रहानं सूर्याचे न्यूट्रॉन टिपले, त्याबद्दल मिळालेलं पदक. त्याचा फोटो उन्मेषनं शाळेत असताना वहीत चिकटवला होता.

सरांनी आतली मखमल उचलली. खाली घड्या घालून दडपलेले दोन कागद. त्यांनी ते एकावर एक ठेवून उन्हात धरले.

दोन्ही रेघा एकाच जागी उठल्या होत्या.

या माणसाला देव मानून त्यानं उमेदीची वर्षं जाळली होती. किती वर्षं झाली, एवढंच त्यानं विचारलं. एकतीस, सर म्हणाले.

"कुणाला सांगितलं..."

"कुणाला नाही."

"मग मी उद्या काय करू, सर?"

सर कागदांची घडी घालू लागले. एक कागद घडीवरच फाटला. त्यांनी तुकडे जुळवून डबीत ठेवले, वर मखमल दाबली.

"पदकाची डबी मोठी मागून घे," ते म्हणाले. "घड्यांवर कागद टिकत नाही."