राजेसाहेबांच्या मिशीचा व्हिडिओ

राजेसाहेबांची मिशी खोटी निघाली, आणि हे निम्म्या तांबडगड राज्याने एकाच दुपारी पाहिलं.

झालं असं, की आपलं सगळं जगाला दाखवायची राजेसाहेबांना भारी हौस. सकाळचा चहा, दुपारची भरली वांगी, घोड्याची आंघोळ, सगळं मोबाइलवर लाइव्ह. त्यासाठी चिंधू नावाचा एक नोकर दिवसभर मोबाइल धरून त्यांच्यापुढे उलटा चालत असे. त्या दुपारी राजेसाहेब पाटावर बसले आणि म्हणाले, "पुरे आता, ठेव तो खाली." चिंधूने मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला. बंद कर, असं काही राजेसाहेब म्हणाले नव्हते, आणि न सांगितलेलं काम करायची त्या दरबारात पद्धत नव्हती.

राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, आधी ती मिशी काढून ठेवा. काल खिरीत बुडाली होती."

राजेसाहेबांनी मिशी काढली, खुंटीला अडकवली आणि मिटक्या मारत खीर खाल्ली. राज्याच्या नाण्यांवर जिचं चित्र होतं, तीच ही मिशी!

प्रधानजी हुशार. त्यांनी ताबडतोब दवंडी पिटवली, की राजेसाहेबांची मिशी खोटी असल्याचा व्हिडिओ कोणीही पाहू नये. तोवर निम्म्या राज्याने तो पाहिला नव्हता. दवंडी ऐकून त्यांनीही पाहिला. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता, ते शेजाऱ्याचा मागून आणू लागले.

मग प्रधानजींनी सगळ्यांचे मोबाइल जप्त केले. तर पोरं मक्याच्या कणसाचे केस ओठांवर चिकटवून चावडीसमोर खीर खाण्याचं नाटक करू लागली. त्या नाटकाला ना चार्जिंग लागे, ना नेटवर्क.

दोन्ही उपाय फसले, तेव्हा अपराधी सापडला. राजेसाहेब चिंधूला म्हणाले, "येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत हा व्हिडिओ बघणारा एकही माणूस राज्यात उरता कामा नये. उरला, तर तू आणि तुझी मुलगी बिऱ्हाड उचलून राज्याबाहेर."

चिंधू घरी आला आणि चुलीपाशी बसून राहिला.

"ही चूल तुझ्या आईने घातलेली, भागू," तो म्हणाला. "ती कशी उचलून नेऊ?"

भागू शेंगा फोडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि पदर झटकला. "चुलीला हात लावू नकोस, बा. मी येते दरबारात."

दरबारात राजेसाहेब तोंडावर शेला धरून बसले होते. त्यांनी विचारलं, "पोरी, तो व्हिडिओ पुसता येईल?"

"नाही, महाराज. सांडलेलं तेल परत बुधल्यात भरता येत नाही."

"मग आलीस कशाला?"

"लोकांना तो नकोसा झाला, तर चालेल ना? सगळ्यांचे मोबाइल परत द्या, आणि दवंडी मी सांगेन तशी द्या."

दुसऱ्या दिवशी गावोगाव दवंडी फिरली. "ऐका हो ऐका! राजेसाहेबांच्या मिशीचा व्हिडिओ प्रत्येकाने रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ पाहायचा आहे. चावडीवर, उभं राहून, तलाठ्यासमोर. पाहिल्याचा शिक्का नसेल, त्याला रेशन नाही!"

पहिल्या दिवशी लोक हसत आले. दुसऱ्या दिवशी उन्हात रांग लागली आणि हसू ओसरलं. मग भागूने प्रश्नपत्रिका काढली. 'खीर खाण्यापूर्वी मिशी काढण्यामागील राजेसाहेबांचा उदात्त हेतू सविस्तर लिहा.' प्रधानजींना तर हे काम फारच आवडलं. त्यांनी एक समिती नेमली आणि व्हिडिओच्या आधी आपलं तासाभराचं भाषण जोडलं. पोरांनी मक्याच्या मिश्या फेकून दिल्या, कारण आता तो अभ्यास झाला होता. आठवडा सरता सरता तलाठी एका कोंबडीच्या बदल्यात, न पाहताच शिक्का देऊ लागला.

बाजाराच्या दिवशी राजेसाहेब घोंगडीत तोंड झाकून निघाले. मिरच्या विकणाऱ्या एका बाईपुढे त्यांनी मोबाइल धरला.

"चावडीवरचा आहेस का रे बाबा?" बाई म्हणाली. "सकाळचं झालंय माझं. शिक्का दाखवू?"

"शिक्का नको. गंमत म्हणून बघ."

"गंमत? मिशी खोटी आहे, ठाऊक आहे मला. मिरच्या खऱ्या आहेत. घ्यायच्या तर घे, नाहीतर सावली सोड."

राजेसाहेब बाजारभर फिरले. एकानेही मोबाइलकडे मान वळवली नाही. एक म्हातारा तर हात जोडून म्हणाला, "वाटलं तर दंड घ्या, पण ते भाषण लावू नका."

दरबार भरला. राजेसाहेबांनी सक्ती उठवली, चिंधूला माफी दिली. प्रधानजींना मात्र राहवेना.

"पण महाराज, हिने केलं काय? व्हिडिओ जिथल्या तिथे आहे. कोणीही उघडावा."

"आहेच की, प्रधानजी," भागू म्हणाली. "तुमचा गटारांचा अहवालही गेली कित्येक वर्षं दरबाराच्या दारावर उघडाच लावलेला आहे. कोणी वाचला?"

राजेसाहेब सिंहासनावर आडवे होईपर्यंत हसले. "मीही नाही वाचला!" डोळे पुसत ते म्हणाले, "चिंधू, मोबाइल धर. या पोरीला काय बक्षीस देतो, ते साऱ्या राज्याला लाइव्ह दाखवू."

"महाराज, द्यायचं असेल ते द्या," भागू म्हणाली, "पण दाखवू नका."

"का गं?"

"आज बक्षीस दिसलं, की उद्या माझ्या दारात नसलेले नातेवाईक, परवा चोर, आणि तेरवा प्रधानजींची कराची नोटीस."

राजेसाहेब पुन्हा पोट धरून हसले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने मोबाइल बंद केला, बापलेकीला आतल्या दालनात नेलं आणि दार लावून घेतलं.

बक्षीस मोठं होतं म्हणतात. काय होतं, ते अजून कोणाला कळलेलं नाही.