गिरजाचा पहिला पाळणा

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका लहानशा गावात गिरजा नावाची एक बुरूडीण राहत होती. बांबूच्या कामट्या काढून सुपं-टोपल्या विणायच्या, हे तिच्या घरचं काम. तिच्या वडिलांनी विणलेले पाळणे तर पंचक्रोशीत नावाजलेले होते. वडील गेले आणि गिरजाने पहिल्यांदाच एकटीने पाळणा विणायला घेतला. महिनाभर खपून तिने तो पुरा केला आणि मोठ्या हौसेने बाजारात नेऊन मांडला.

लोक आले, पाहून गेले. एक बाई म्हणाली, वडिलांच्या हाताची सर याला नाही. एका गृहस्थाने पाळणा हलवून पाहिला आणि दोन झोक्यांत हा सुटेल असं सांगून टाकलं. शेवटी आली तुळसाआजी. तिच्या फटकळ जिभेला सारं गाव टरकून असे. तिने पाळण्यात हात फिरवला आणि म्हणाली, "यात बाळ निजायचं नाही. रडेल." एवढं बोलून ती चालायला लागली.

गिरजा पाळणा डोक्यावर घेऊन घरी परतली. त्या दिवशी तिला घास गेला नाही. कोयता तिने खुंटीला अडकवला तो चार दिवस काढला नाही.

पाचव्या दिवशी शेजारची सगुणा आपलं तान्हं बाळ घेऊन आली. दोन दिवसांनी बारसं होतं, आणि बाळाला गिरजाच्याच पाळण्यात घालायचं तिच्या मनात होतं. गिरजाचे डोळे भरून आले. लोकांना काय, बोलायला काहीतरी हवंच असतं, देऊन टाकावा पाळणा, असं तिला वाटलं. पण बाळाची ती इवलीशी मूठ पाहिली आणि ती थबकली. लोक बोलले त्यात काही खरं असेल तर?

तिने पाळणा आढ्याला टांगला, त्यात धान्याचं पोतं ठेवलं आणि दुपारभर झोके दिले. एक कामटीही सुटली नाही. वडिलांची आठवण झाली तेव्हा तिला वाटलं, बाजारातली ती बाई खरं तेच बोलली. त्यांनी चाळीस वर्षं पाळणे विणले, मी आत्ता सुरुवात केली. हे मान्य केल्यावर तिला हलकं वाटलं.

आता उरली तुळसाआजी. गिरजा पाळणा घेऊन तिच्या दारात गेली.

"आजी, बाळ रडेल म्हणालात. कशामुळे, ते सांगाल का?"

आजी तिच्याकडे बघतच राहिली. तिला उलट बोलणारे आणि टाळणारे पुष्कळ होते, असं विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं. तिने गिरजाला जवळ बसवलं.

"उशाकडे गाल टेकवून बघ, पोरी. तुझ्या हातांना घट्टे पडलेत, त्यांना नाही कळायचं."

गिरजाने गाल टेकवला. कामट्यांची बारीक टोकं आतल्या बाजूला राहिली होती, ती गालाला टोचली. ती घरी आली, कोयता काढला, उशाकडची वीण उसवली आणि सगळी टोकं बाहेरच्या बाजूला वळवून पुन्हा विणली.

बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्यात घातलं. ते थोडं चुळबुळलं, बायकांनी पाळणा म्हणायला घेतला आणि दुसरं कडवं येईतो ते गाढ झोपलं.

तुळसाआजी वाकून बघत होती. "दोरी आखूड झाली गं," ती म्हणाली.

गिरजा हसली. "सगुणाताईंच्या उंचीला मोजून बांधलीय, आजी. राहू दे तशीच."

"मग राहू दे," आजी म्हणाली आणि तिने आपल्या शेजारी गिरजासाठी जागा केली.

तात्पर्य: कुणी उणं काढलं तर ते रागाने झिडकारू नये की त्याने खचूनही जाऊ नये. शांतपणे तपासावं, खरं निघेल ते सुधारावं आणि बाकीचं मनात कडवटपणा न ठेवता सोडून द्यावं.